जावेच्या नावाचं औषध

कुसाबाई कासारणीला कुजबुजता यायचं नाही. पंचवटीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तिचं बांगड्यांचं दुकान. हातात हात घेऊन ती बांगडी चढवायला लागली की बाया बोलत्या व्हायच्या. पण असलं दुखणं स्वतःच्या नावानं सांगायची आमच्याकडे रीतच नव्हती.

"कुसाबाई, माझ्या जावेला ना... पांढरं जातं."

"अगंबाई, जावेला?" हे पार भाजीबाजारापर्यंत ऐकू जायचं. गल्लीतल्या समस्त जावा आजारी, आणि बोलणाऱ्या सगळ्या ठणठणीत!

नव्याण्णवच्या श्रावणात खुद्द कुसाबाईलाच खाज सुटली. तिथेच. दह्याच्या कवडीसारखं पांढरं जायचं आणि मांडी घालून बसणं मुश्कील. बांगडी अर्ध्या हातावर आली की नेमकी खाज उठायची, आणि कडाक्! "वाढवलीस गं, तीही सणाची!" गिऱ्हाईक बोंबलायचं. कडुनिंबाच्या पाण्यानं धुऊन पाहिलं, तर आग दुप्पट.

त्यात लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. तिसरा महिना सरेपर्यंत नवऱ्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी पोटात ठेवलं होतं.

शेवटी ती मेडिकलवर गेली. काउंटरवर मनोज, नुकताच शिकून आलेला.

"माझ्या जावेला खाज येते. खाली."

मनोज लाल झाला, पण शिकलेलं विसरला नाही. "बुरशी असेल. दोन तऱ्हेचं औषध असतं. एक कॅप्सूल, तोंडानं, एकदाच. दुसऱ्या गोळ्या रात्री झोपताना... म्हणजे... खालून, आत सरकवायच्या. आठवडाभर."

"एकदाचीच द्या. कोण सरकवत बसतंय!"

"जावेला दिवस नाहीत ना गेलेले?"

"छे! तिचं ऑपरेशन झालंय."

मनोजनं कॅप्सूल पुढे केली. "मग चालेल. पोटुशी बाईला ही द्यायची नसते, बाळाला धोका नको म्हणून."

कुसाबाईचा हात हवेतच थांबला.

"मग... त्या सरकवायच्याच द्या."

"का? ऑपरेशन झालंय म्हणालात."

"झालंय. पण तरी... राहिलेच, तर?"

"ऑपरेशननंतर?"

"नशीब असतं एकेकीचं!"

आता मनोजला काळजी वाटली. कुसाबाईला जाऊ एकच, हे सगळ्या पंचवटीला ठाऊक. ती ठमाबाई समोरच मेथीच्या जुड्या लावून बसली होती. मनोज पायरीवर आला आणि कर्तव्य म्हणून ओरडला, "ठमाबाई, तुम्हाला दिवस गेलेत का? गेले असतील तर ही गोळी गिळायची नाही!"

बाजारात तराजूचा काटासुद्धा हलेना.

"मुडद्या, माझा नातू शाळेत जातोय!" ठमाबाई जुडी उगारून उठली. "कोण बोललं तुला?"

"कुसाबाई! तुम्हाला खाजही आहे म्हणाल्या."

"मला? कुसे, माझ्या नावानं काय काय खपवतीस गं?"

कुसाबाईनं कॅप्सूलकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. खोटं चालू ठेवावं तर ही गोळी गळ्यात पडते. आणि मग तिच्या त्या आवाजात ती फुटली, "मला! खाजही माझी आणि दिवसही मलाच गेलेत!"

टांग्याचा घोडासुद्धा वळून बघायला लागला. ठमाबाईच्या हातातली जुडी खाली पडली.

"खरं? आठ वर्षांनी?" तिनं डोळ्याला पदर लावला. मग लगेच धपाटा घातला. "आणि ही गोळी गिळायला निघाली होतीस? चल डॉक्टरीणबाईंकडे. आन् हळू बोल तिथं!"

डॉक्टरीणबाईंनी तपासून खालून ठेवायच्या गोळ्याच दिल्या. "खाज थांबली तरी सगळ्या संपवायच्या. आणि ते कडुनिंबाचं पाणी बंद."

"बाई, दृष्ट लागंल का हो? सगळ्या बाजाराला कळलं."

"बुरशी जाईल. दृष्टीचं तुमच्या जाऊबाई बघतील."

ठमाबाईनं त्याच संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळल्या, मनोजवरूनसुद्धा.

फाल्गुनात मुलगी झाली, ठणठणीत आणि आवाजानं आईवर गेलेली. मनोजच्या काउंटरवर मात्र नवी पद्धत सुरू झाली. कुणी "माझ्या जावेला..." म्हणालं की तो मान खाली घालून विचारतो, "बरं. जावेला दिवस गेलेत का?... आणि तुम्हाला?"