विशाखाताई इंग्रजीत मागतात

आमच्या कारखान्यात कुणाकडून अडलेलं काम करून घ्यायचं असलं की लोक म्हणायचे, "विशाखाताईंना पुढं घाला." वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही. मी, सर्जेराव, डिस्पॅचला, म्हणजे तयार माल गाडीत भरून रवाना करणं माझ्याकडं. विशाखाताई प्लॅनिंगला. टेबलं शेजारी शेजारी, त्यामुळं त्यांचं मागणं मी रोज ऐकलेलं.

स्टोअरचा फकिरा जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून घेतो. मॅनेजर आला तरी उघडत नाही. विशाखाताई जायच्या आणि जाळीतून म्हणायच्या, "जयभीम फकिरादादा. बसा, बसा, उठू नका. दोन खोकी बोल्ट पाह्यजे होते, जेवल्यावर दिले तरी चालतील. तवर लाइन थांबंल, थांबू द्या."

फकिरा हातातली भाकरी डब्यात ठेवून उठायचा. "लाइन थांबंल म्हणता, अन् वरून बसा म्हणता," असं पुटपुटत खोकी काढून द्यायचा. दुसऱ्या दिवशी ताई आठवणीनं त्याच्याकडं जाऊन सांगायच्या, "काल तुमच्यामुळं पाळी सुटायच्या आत माल निघाला." हे सांगायला त्या कधी चुकल्या नाहीत.

ताईंचं माहेर लासूर स्टेशनचं. वडील कडुबा तिथल्या मार्केटात हमाली करायचे. आई कडूबाई भाजीची पाटी घेऊन पॅसेंजरनं शहरात यायची. डब्याच्या दारात गर्दी असली तरी तिनं कधी कुणाला ढकललं नाही. "भाऊ, पाटीला जरा हात लावता का?" एवढं म्हणायची. पाटी आत जायची, पाटीमागून कडूबाई जायची आणि थोड्या वेळात तिला बसायला जागाही व्हायची. मागण्याची ती रीत लेकीनं उचलली होती. ताई आयटीआय करून कारखान्यात लागल्या, नोकरी करता करता बी.कॉम. झाल्या आणि मशीनवरून ऑफिसात आल्या.

मग आमची कंपनी एका परदेशी मालकानं विकत घेतली. पगार वेळेवर होत राहिले, कुणाची नोकरी गेली नाही, पण डिझाइनचं ऑफिस चेन्नईला गेलं. तिकडच्यांना मराठी येईना, आम्हाला तमिळ येईना. सगळा कारभार इंग्रजीत सुरू झाला. ताईंना इंग्रजी वाचता यायचं, लिहिताही यायचं. मोडकंतोडकं का होईना, बोलायच्याही. अडचण वेगळीच झाली, आणि ती आधी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही.

एक दिवस प्लॅनिंगचे मॅनेजर विश्वजीत सर ताईंच्या टेबलापाशी आले. जरा अवघडूनच म्हणाले, "ताई, चेन्नईहून तक्रार आलीय. डिझाइनच्या सेल्वराणी मॅडमची. म्हणतात, वाळूजची बाई हुकूम सोडते."

"हुकूम? मी?" ताईंचा चेहरा उतरला.

सरांनी मोबाइलवर ताईंचीच मेल दाखवली. 'सेंड ड्रॉइंग टुडे. अर्जंट.' एवढीच होती.

"मंग बरोबरच हाय की," ताई म्हणाल्या. "आजच पाह्यजे होतं. अर्जंट होतं."

"बरोबर आहे ताई, पण..." सरांनाही पुढं सांगता येईना. ते निघून गेले.

मराठीत ताई 'ड्रॉइंग आज पाठवा' असं कधीच म्हणाल्या नसत्या. 'जरा' म्हणाल्या असत्या, 'तेवढं' म्हणाल्या असत्या, 'पाठवता का' म्हणाल्या असत्या. इंग्रजी करताना शब्द तेवढे पलीकडं गेले, आणि हे 'जरा' आणि 'तेवढं' अलीकडंच राहिले. त्यातून इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच. जी बाई उभ्या आयुष्यात कुणाला तोडून बोलली नाही, ती चेन्नईत उर्मट ठरली. त्या दिवशी ताईंनी डबा उघडला नाही.

पुढच्या मेलला त्यांनी दुसरं टोक गाठलं. शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकवतात ना, तसलं इंग्रजी. आदरणीय महोदया, मी आपणास अत्यंत नम्रतापूर्वक विनंती करू इच्छिते की, असा भलामोठा मजकूर. वाचून मलाच दम लागला. सेल्वराणीचं उत्तर एका ओळीचं आलं. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?

आमच्याकडचा तरुण इंजिनिअर सत्यम ती मेल बघून हसला. ताई त्याच्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "हसलास ते बरं झालं. आता सांग, तू कसं मागतोस?"

"काय माहीत ताई," तो म्हणाला. "मी असाच बोलतो."

खरंच त्याला सांगता येत नव्हतं. मग ताईंनी त्याचं बोलणं ऐकायला सुरुवात केली. सत्यमचा फोन वाजला की ताईंचे हात कीबोर्डवर थांबायचे. काही दिवसांनी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर्जेराव, एक गंमत कळली. हे लोक आज मागायचं ते कालच्या भाषेत मागतात."

"म्हणजे?"

"कॅन नाय, कुड. आय वंडर नाय, आय वॉज वंडरिंग. मागणं आत्ताचं, पण बोलायचं असं की कालच मनात येऊन गेलं होतं. समोरच्यावर भार पडत नाय. अन् सांगायचं नाय, विचारायचं. आपण 'देता का' म्हणतो, तसंच की हे." हे सांगताना त्या इतक्या खूश होत्या की, हरवलेलं माणूस गर्दीत सापडल्यासारखं वाटलं मला.

घरी सराव सुरू झाला. त्यांचे यजमान धम्मपाल दुसऱ्या एका कारखान्यात फिटर आहेत. त्यांनीच मला हे सांगितलं. जेवताना ताई म्हणायच्या, "वुड यू माइंड पासिंग द ठेचा?" धम्मपाल ठेचा पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "येस." ताईंनी त्यांना समजावलं, "अहो, नो म्हणायचं. माइंड म्हणजे हरकत. हरकत नाय, म्हणून नो." धम्मपाल म्हणाले, "द्यायचं बी अन् नाय बी म्हणायचं, हे मला जमणार नाय. तू ठेचा घे."

ते जमलं ताईंना मात्र. मेल छोट्या झाल्या, पण आता त्यांत 'जरा' होतं, 'तेवढं' होतं, इंग्रजी कपड्यांत. काम झालं की दुसऱ्या दिवशी ताई कळवायच्या, तुमच्यामुळं काल अमुक गाडी वेळेत निघाली. चेन्नईला असं कुणी कळवत नसावं. सेल्वराणीच्या उत्तरांत हळूहळू दोन ओळी जास्तीच्या येऊ लागल्या. एकदा तिनं लिहिलं, माझ्या मुलीला ताप आहे, उद्या पाठवलं तर चालेल का? ताईंनी चालेल म्हणून लिहिलं आणि दोन दिवसांनी ताप उतरला का तेही विचारलं.

आणि मग जानेवारीतली ती गोष्ट घडली.

एका मोठ्या गिऱ्हाइकाची नवी गाडी बाजारात यायची होती. तिला लागणारा ब्रॅकेट, म्हणजे पत्र्याची आधारपट्टी, आमचा. माल तयार होता, माझ्याकडं खोकी भरून उभी होती. ऐन वेळी तपासणीत निघालं की ब्रॅकेटचं एक भोक ड्रॉइंगपेक्षा किंचित सरकलंय. बसायला अडचण नव्हती, पण डिझाइनच्या मंजुरीशिवाय एकही खोकं गेटबाहेर काढता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत माल निघाला नाही तर गिऱ्हाइकाची लाइन बंद पडणार होती. आणि चेन्नईचं ऑफिस पोंगलच्या सुट्टीवर. आपली संक्रांत एका दिवसात उरकते, त्यांचा सण चार दिवस चालतो.

विश्वजीत सरांनी कडक मेल लिहिली. वरच्या सगळ्या साहेबांना तिची प्रत लावली. उत्तर आलं नाही. दुसरी लिहिली, आणखी कडक. तिलाही नाही. फोन केले तर कुणी उचलेना. सर कपाळाला हात लावून बसले.

ताई उठून त्यांच्याकडं गेल्या. "सर, मी सेल्वराणी मॅडमला फोन करू का?"

"मी दोनदा केला ताई. उचलत नाहीत."

"तुमचा नाय उचलला. माझा उचलतील का बघते."

सगळं ऑफिस भोवती गोळा झालं. मला वाटलं, एवढ्या लोकांत ताई गांगरतील. त्यांनी पदर सारखा केला आणि फोन स्पीकरवर टाकून लावला. पहिल्यांदा रिंग नुसती वाजून थांबली. दुसऱ्यांदा कुणीतरी उचलला. मागं गाईगुरांच्या घुंगरांचा आवाज, पोरांचा कालवा.

ताई इंग्रजीत बोलल्या. मी मराठीत सांगतो, पण बोलणं हेच होतं.

"सेल्वराणी, हॅपी पोंगल. विशाखा बोलतेय, वाळूजहून. तुम्ही गावाकडं आहात ना? घुंगरं ऐकू येताहेत."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आज गुरांचा सण, ती म्हणाली, बैलांची शिंगं रंगवतोय, माझे हात निळे झालेत.

"आमच्याकडंही पोळ्याला रंगवतात," ताई म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "मला एक मागायचंय. आज मागायला नको होतं, हे मला माहीत आहे. एका ब्रॅकेटला तुमची मंजुरी पाहिजे. तुम्हाला जमणार नसेल तर नाही म्हणा. मी इथं सगळ्यांना सांगेन की तुम्ही सुट्टीवर आहात आणि ते बरोबर आहे. पण थोडा वेळ काढता आला, तर काढाल का?"

विश्वजीत सरांनी डोळे मिटून घेतले. नाही म्हणायची वाट ताईंनी आपण होऊन उघडून दिली, हे त्यांना झेपलं नसावं.

पलीकडं रंगाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सेल्वराणी म्हणाली, लॅपटॉप चेन्नईला राहिलाय. पण ब्रॅकेट त्याच्या जागी बसवून फोटो पाठवा, भोकाचं माप दिसेल असा. इथं खाली नेट मिळत नाही, मी गच्चीवर जाते.

सत्यम धावतच खाली गेला. फोटो गेले. एक पुसट आला म्हणून तिनं पुन्हा मागवला, तोही गेला. आम्ही उभेच. चहा आला, कुणी घेतला नाही. थोड्या वेळानं ताईंचा मोबाइल वाजला. मंजुरी आली होती, सेल्वराणीच्या नावानिशी, आणि खाली एक ओळ होती. ताईंनी ती वाचली आणि मोबाइल विश्वजीत सरांच्या हातात दिला. सरांनी मोठ्यानं वाचली. पुढच्या वेळी काही लागलं तर विशाखांनीच फोन करावा. इतर कुणी नको.

सर हसले. आधी ओशाळं हसले, मग मनापासून. "ताई," ते म्हणाले, "इतर कुणीमध्ये मी आलो ना?"

"तुम्ही, अन् तुमची ती मेल," ताई म्हणाल्या. सगळं ऑफिस हसलं. मी खाली पळालो. माल दिवसाउजेडी गेटबाहेर पडला, गिऱ्हाइकाची लाइन चालू राहिली.

नव्या आर्थिक वर्षात विश्वजीत सरांनीच शब्द टाकला आणि चेन्नईशी होणारा सगळा व्यवहार ताईंकडं आला. पद वाढलं, टेबल खिडकीपाशी गेलं. आता ऑफिसातली पोरं मेल पाठवायच्या आधी त्यांच्याकडं येतात. "ताई, हे जरा बघता का, उर्मट तर वाटत नाय ना?" ताई वाचतात, एखादा शब्द मागंपुढं करतात आणि विचारतात, "काम झाल्यावर त्यांना कळवणार का? मंग पाठव."

उन्हाळा सरता सरता सेल्वराणी पहिल्यांदा वाळूजला आली. ताईंपेक्षा वयानं लहान, चष्मा लावणारी, शांत बाई निघाली. दिवसभर मीटिंगा झाल्या. संध्याकाळी ती ताईंच्या टेबलापाशी येऊन घुटमळली. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "विशाखा, आय वॉज वंडरिंग... इफ इट्स नॉट टू मच ट्रबल..." तिला आईसाठी इथली हिमरू, म्हणजे रेशीम-सुताच्या नक्षीदार विणीची शाल घ्यायची होती. कुठं मिळते ते माहीत नव्हतं, आणि सकाळी लवकर विमान होतं.

ताई पर्स उचलून उभ्याच राहिल्या. धम्मपालांना फोन करून सांगितलं, स्वयंपाकाचं तुम्ही बघा. मला म्हणाल्या, "सर्जेराव, तुमची गाडी मोकळी हाय ना? शहागंजच्या बाजारात सोडता का आम्हाला?"

मी तरी काय नाही म्हणणार?

आम्ही पोचलो तेव्हा दुकानदार शटर ओढत होते. ताई पुढं झाल्या. "सलाम चाचा. आपका टाइम हो गया, मालूम है. बंद करते तो करो, हम कल आते. लेकिन ये मॅडम मद्रास से आई, अम्मी के वास्ते शाल होना बोलती. कल सुबू का विमान है इनका."

चाचांनी ताईंकडं बघितलं, सेल्वराणीकडं बघितलं आणि शटर पुन्हा वर ढकललं. शाली काढल्या, एकीवर एक पसरल्या. सेल्वराणीनं गडद जांभळी निवडली. चाचांनी ती कागदात नीट गुंडाळून दिली आणि वर म्हणाले, "अम्मी को हमारा सलाम बोलना."

बाहेर आल्यावर सेल्वराणी ताईंना म्हणाली, "व्हॉट डिड यू से टू हिम?"

"सेम थिंग आय सेड टू यू," ताई म्हणाल्या, आणि आम्ही तिघं चहा प्यायला निघालो.