दिवा वाढतो म्हंजे काय

चौकच्या नाक्यावर हिरामणला कुणी इलेक्ट्रिशियन म्हणत नसे. त्याचं नाव पडलं होतं 'म्हंजे काय'. गिऱ्हाइकानं गाडीचं दुखणं सांगितलं, की हा पठ्ठ्या आधी विचारणार, "म्हंजे काय?" हॉर्न बसला म्हंजे काय? वाजत नाय, का सारखा वाजतो? ड्रायव्हर लोक खो खो हसत. हिरामण हसत नसे.

त्याचं असं झालं होतं. कशेळ्याचे चांगोभाऊ आपली जीप घेऊन आले नि म्हणाले, "हिरामण, ब्रेक दाबून धरला का मागचा दिवा वाढतो रं. बघ जरा." दिवा वाढतो, म्हणजे करंट जास्त जातोय, असं हिरामणनं धरलं. डायनॅमोचा करंट कमी केला, ब्रेकचा स्विच एकदाच दाबून पाहिला. दिवा लागला. "घेऊन जा, भाऊ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, अंबाबाई, चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "उजाडलं रं, कंदील वाढव." हिरामणचा हात कंदिलावरच थबकला. वाढव, म्हणजे मालव. घरात 'दिवा विझला' असं अभद्र कुणी बोलत नाही, हे तो जन्मापासून ऐकत आला होता. पण गॅरेजात जाताना कान घरी ठेवून जायचा, गाढव! चांगोभाऊंना गाठायला सायकल हाणत तो कशेळ्याच्या रस्त्याला लागला. उतारावर गर्दी जमली होती. चांगोभाऊंनी ब्रेक दाबून धरला होता आणि मागून ट्रक येऊन आदळला होता.

चांगोभाऊ वाचले, पण पायानं कायमचे लंगडे झाले. "पुढच्या जीपचा दिवा लागलाच नव्हता," असं ट्रकवाला रडून सांगत होता. त्याचं ऐकतो कोण? त्याचं लायसन गेलं. चांगोभाऊ तर गावभर सांगत, "दिवा हिरामणनं तपासलावता. त्या ट्रकवाल्या मेल्याचेच डोळे फुटलेवते." जीप दुसऱ्या कुणाच्या हाती ते देत नसत. त्यांनी पाठ थोपटली, की हिरामणला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी एकदा चांगोभाऊ लंगडत आले, किल्ली बाकावर ठेवली नि म्हणाले, "दिवे बघ रं." हिरामणला राहवलं नाही.

"भाऊ, तवा तुमचा दिवा वाढतच व्हता."

"म्हंजे काय?" चांगोभाऊंनी त्याचीच नक्कल केली.

"इझत व्हता. मी समजलो, जोरात लागतो. ट्रकवाला खरं बोलत व्हता."

चांगोभाऊंचं हसू मावळलं. त्यांची नजर आपल्या लंगड्या पायाकडे गेली.

"इझला म्हनू नये रं," ते हळूच म्हणाले आणि बाकावरची किल्ली उचलून चालू लागले.