कानाला हात लागला की शाळा

माझ्या शुद्धलेखनाकडे बघू नका. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढं त्याच शाळेत शिपाई म्हणून लागलो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ अजून फळ्यावरच राहिले आहेत. शब्दही साधेच आहेत. पण शाळेतल्या गोष्टी अशा साठत जातात की एक सांगायला घ्यावी तर चार अंगावर येतात. म्हणून जशा आल्या तशा सांगतो.

आमची शाळा म्हणजे देवळामागची एक लांब खोली. सात इयत्ता, सात रांगा आणि एक गुरुजी. माझी कामं दोन: तास बडवणं आणि सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करणं. मुलांच्या दारात मी नाव घेऊन हाक मारायचो. मुलींच्या दारात मात्र जीभ उचलायची नाही. तरण्या माणसानं दुसऱ्याच्या पोरीचं नाव कसं घ्यायचं? धोंडिबांच्या काशीला बोलवायला मी दारात उभा राहून नुसता खोकायचो.

गुरुजी म्हणायचे, ‘अरे, औषध तरी घे.’

*

ही काशी शाळेत आली कशी, ते ऐका.

जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की मूल सहा वर्षांचं झालं, घ्या पहिलीत! काशीचा हात काही लागेना. गुरुजींनी सांगितलं, पुढल्या साली ये.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. हात डोक्यावरून नेला आणि मान अशी काही वाकवली की कानच हाताकडे आला. गुरुजींनी चष्मा सारखा केला.

‘कान तुझाच आहे ना?’

‘व्हय.’

‘मग बस.’

*

एकदा वरून हुकूम आला की प्रत्येक मुलाच्या बापाचा धंदा कळवा. गुरुजींनी रांगेनं विचारलं. शेती, शेती, मेंढरं, शेती. मग ‘बा मुंबईला’, ‘बा मुंबईला’ असं सुरू झालं. मुंबईत काय करतो, ते कुणालाच सांगता येईना. एकजण म्हणाला, बा शिमग्याला आला की विचारून ठेवतो.

गुरुजींनी धंद्याच्या घरात ‘मुंबई’ असंच लिहून टाकलं. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी, ते वाचून म्हणाले, हा काय धंदा झाला?

गुरुजी म्हणाले, ‘साहेब, अर्धं गाव त्याच्यावरच जगतं.’

*

काशीची आई शेतात जायची, म्हणून धाकटा नाम्या काशीच्या कडेवर शाळेत यायचा. ती चौथीत गेली तेव्हा तोही चौथीच्या रांगेत, तिच्या मांडीवर.

दिपोटीसाहेबांनी चौथीला विचारलं, तेरा नव्वे किती? रांग बोटं मोजायला लागली. मांडीवरून आवाज आला, ‘सतरोदरसे.’ म्हणजे एकशे सतरा, अगदी बरोबर.

साहेब म्हणाले, हा कितवीत आहे?

‘हा पटावर नाही, साहेब. हा नुसता येतो.’

‘मग पटावर आहेत ते काय करतात?’

‘यायचा प्रयत्न करतात,’ गुरुजी म्हणाले.

*

काशी सातवीत गेली त्या वर्षी साहेब ऐन भातलावणीत आले. सातवीत पोरं मोजकीच, आणि वर बोलणं चाललं होतं की आमची सातवी मोडायची, पोरांनी नसरापूरला जावं. मुलगे चालत गेले असते. काशीला धोंडिबांनी पाठवलं नसतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, काशीला तर सगळ्यांच्या आधी. आणि नेमकी त्या दिवशी सातवीची रांग रिकामी!

गुरुजींनी थाप मारली नाही. म्हणाले, ‘साहेब, सातवी आहे. फक्त इथं नाही.’ आणि साहेबांना घेऊन धोंडिबांच्या खाचरावर गेले.

पोरं चिखलात वाकलेली. साहेबांनी त्यांना वर बोलावलं. धोंडिबा म्हणाले, ‘सायेब, उपटल्यालं रोप थांबत न्हाई. तुमी तितनंच इचारा की.’

साहेब बांधावर छत्री धरून विचारत राहिले. पोरं रोप लावत मागं मागं सरकत उत्तरं देत राहिली. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला साहेबांना आवाज थोडा चढवावा लागला. भूगोलाला तर ते ओरडतच होते.

शेवटी शुद्धलेखन राहिलं. पाटी कुठली आणायची? काशीनं बांधावरचा चिखल तळहातानं सारखा केला आणि बोटानं लिहिलं. वाचायला साहेब वाकले आणि त्यांचा एक बूट खाचरात गेला. मी कोपरापर्यंत हात घालून शोधला, पण मिळाला नाही. त्या कोपऱ्यात भात चांगलं येतं, असं धोंडिबा अजून सांगतात.

साहेब एका बुटावर परतले. जाताना म्हणाले, यंदा सातवीच्या फायनलला एकजण जरी पास झाला तरी वर्ग राहील.

*

फायनल भोरला, मुक्काम करून. मुलगे गुरुजींबरोबर धर्मशाळेत उतरणार होते. धोंडिबा म्हणाले, ‘पोरगी न्हाई जायची.’

मुलाण्यांच्या म्हातारीला सगळं गाव चाची म्हणतं. तिचं माहेर भोरचं. ती धोंडिबांच्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, काशीला मी नेते, माझ्या भावाच्या घरी. धोंडिबा दोरी वळत बसले. काय अडलंय ते चाचीनंच ओळखलं.

‘शिधा तुज्या घरचा बांध. पानी तुजी पोरगी भरंल, चूल येगळी मांडंल. झोप तर माज्याजवळ लागंल का न्हाई?’

धोंडिबा उठले आणि गाडी जुंपायला गेले.

*

निकाल आला तेव्हा गुरुजींनी तो आधी मनात वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मुलगे सगळे नापास. काशी पास. सातवी राहिली.

काशी घागर घेऊन पाण्याला गेली. नाम्या मात्र गावभर सांगत फिरला, ‘तेरा नव्वे म्याच सांगितलं व्हतं.’

संध्याकाळी धोंडिबा शाळेत आले. त्यांच्या बोटाला धरून नाम्याच्या पाठची सोनी होती. म्हणाले, ‘घ्या हिला.’

गुरुजींनी सोनीला कानाला हात लावायला सांगितलं. हात पोचेना.

‘पुढल्या साली आणा, धोंडिबा.’

धोंडिबांनी इकडं तिकडं बघितलं. मग आपला भेगाळलेला तळहात तिच्या गालाला लावला आणि हळूच तिची मान वाकडी केली.

गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. ‘मला काही नीट दिसत नाही. लागला असेल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरं गोळा करायला निघालो. पहिल्यांदा धोंडिबांच्या दारात गेलो. खोकलो नाही.

‘सोने,’ मी मोठ्यानं म्हणालो, ‘चल, शाळा भरली.’