लॉनमधली पांढरी सदाफुली

पोंभुर्ण्याच्या अलीकडं रस्त्याला लागून एक गेस्ट हाऊस आहे. तिथं मनकर्णाबाई बागेचं काम करते. वय पासष्ट, कंबर वाकली, जीभ मात्र सरळ. समोर मोठं लॉन, त्यावर सावलीचं नाव नाही. चैत लागला की गवताची पापडी होते, पायाखाली कुरकुर वाजते.

यंदा मॅनेजर प्रफुल वैतागला. "बाई, हे गवतच काढून टाकू. बारा महिने फुलंन असं काही लावू. नागपूरहून पिवळ्या फुलाची वेल आणतो. ट्रॅक्टरनं हातभर खोल खणून घेऊ."

हातभर म्हणताच मनकर्णाबाईच्या हातातला पाइप गळून पडला.

गेस्ट हाऊस व्हायच्या आधी ती गावाची लेकरं पुरायची जागा होती. मोठ्यांना जाळायचं, दात न आलेल्यांना मातीत द्यायचं. आईनं तिथं जायचं नाही, जागा विचारायची नाही, अशी रीत. मनकर्णाबाईची तीन महिन्यांची पोर तिच्या नवऱ्यानं, लटारूनं, तिथंच ठेवली. कुठं, ते न सांगताच तोही मरून गेला. म्हणून तर ती इथं कामाला लागली. सगळ्याच लॉनला पाणी घातलं म्हणजे पोरीचं चुकायला नको.

"वेल नोका लावू भाऊ," ती म्हणाली. "ते लय पाणी पिते. चिनी गुलाब लावसान, तं तो दुपारीच डोळे मिटते, पावसात सडते. सदाफुली लावा. उन्हाले भीत नाई, बकरी तोंड लावत नाई. आन् खणाचं काम नाई. खुरप्यानं वरवर माती हालवली का झालं."

"सदाफुली? ते तं नालीवर उगवते बाई!"

"म्हणून तं सांगून राह्यली. तुमच्यासारखे नखरे नाई तिचे."

प्रफुल हसला आणि गुलाबी सदाफुलीचं बी घेऊन आला. पाऊस लागल्यावर तिनं एकटीनं खुरप्यानं गवत खरवडलं, बोटभरही खोल न जाता, आणि बी फेकलं.

दिवाळीला लॉन गुलाबी झालं. पण मधेमधे पांढरं. तेही इकडंतिकडं विखुरलेलं नाही. नेमके चौकोन, एकेक पाळण्याएवढा. मनकर्णाबाईनं मोजले, एकोणीस भरले.

"बी मिसळलं वाट्टे," प्रफुल म्हणाला.

"असंन भाऊ."

गावात कुणकुण लागली. म्हाताऱ्या येऊ लागल्या. कोणी खुरपं मागायला, कोणी प्यायला पाणी. त्यातली अंजनाबाई सरळ एका पांढऱ्या चौकोनापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग दुसरी, मग तिसरी. नळावर एका गुंडभर पाण्यासाठी झिंज्या धरणाऱ्या बाया, पण इथं जागेवरून चकार शब्द निघाला नाही.

अठरा चौकोनांपाशी कोणी ना कोणी येऊन गेलं. एक उरला, पायरीजवळचा. इतकी वर्षं रोज काम संपलं की मनकर्णाबाई तिथंच टेकून तंबाखू मळायची.

एके दिवशी भर दुपारी ती त्याच्यावर वाकली. सदाफुलीच्या फुलाला वास नसतो, हे लेकरालाही ठाऊक आहे. तिला दुधाचा वास आला. ताज्या. तिनं छातीवरचा पदर चाचपला. ओला होता. पाइप तर सकाळीच बंद केला होता.

तंबाखू त्या दिवशी तिनं लांब, फाटकापाशी बसून मळली.