फ्लॉपीला लावलेलं कुंकू

गोवर्धन बसचा कंडक्टर. मॉरिशसमधल्या क्युरपिप गावाहून निघालेल्या गाडीत कोण कुठे चढलं, कोण कुणाशेजारी बसलं आणि कुणाकडे बघून हसलं, हे त्याला न विचारता सांगता येई. हाच डोळा तो घरी घेऊन येई आणि घरी बघायला एकटी विद्यावती, त्याची बायको. लग्न झाल्यावर तो आधी गल्लीतल्या शिंप्यावर जळला, मग रेडिओवर गाणाऱ्या एका गवयावर. स्वभावाला औषध नाही, असं त्याची आईच म्हणायची.

१९८९ साली मात्र त्याला जळायला चांगलं वाळलेलं लाकूड मिळालं. विद्यावती भाजी पिकवणाऱ्यांच्या एका सहकारी संस्थेत टायपिस्ट होती. तिथे कॉम्प्युटर आला आणि तो शिकवायला नवीन नावाचा एक पोरगा आला. पांढरा शर्ट, मागे वळवलेले केस, आणि तोंडात सारखं "विद्या, विद्या". पुढे ना बाई, ना मादाम. रात्री वाढताना तीही सांगे, आज नवीनने हे दाखवलं, आज नवीनने ते दाखवलं. गोवर्धन ताट अर्धवट टाकून उठे.

गणपतीच्या आठवड्यात मशीन बिघडलं. पडद्यावर एक ठिपका चेंडूसारखा उड्या मारायला लागला. कुणाच्या तरी खेळाच्या फ्लॉपीतून व्हायरस आला होता. नवीन म्हणाला, शनिवारी आतली डिस्क पुसून कोरी करू आणि मशीन चालवणारा प्रोग्राम दोन फ्लॉप्यांवरून पुन्हा भरू. सोमवारी मोठे साहेब येणार होते. मशीन चालताना दिसलं तर विद्यावतीची नोकरी कायम होणार होती, नाहीतर घरी बसायची पाळी.

त्या दोन फ्लॉप्या तिने सांभाळायला घरी आणल्या. चवथीला उसाचा कोयता, शिवणयंत्र, गोवर्धनची तिकिटांची पेटी, सगळं गणपतीपुढे ठेवायची त्यांची रीत. त्यातच फ्लॉप्याही ठेवल्या. गोवर्धनने कोयत्याला टिळा लावला, यंत्राला लावला, आणि फ्लॉपीपाशी त्याचा हात थांबला. ही शनिवारी त्या पोराच्या हातात जाणार. विद्यावती प्रसादाचं बघायला आत गेली होती. त्याने एक फ्लॉपी पाकिटातून बाहेर काढली. तिला एक लांबट फट होती, आत तपकिरी चकती चकाकत होती. हेच हिचं कपाळ, असं ठरवून त्याने ओलं कुंकू बोटभर ओढलं आणि फ्लॉपी परत पाकिटात सारली. बघू दे मेल्याला, हिला कुंकवाचा धनी आहे!

शनिवारी तो सोबतीचं निमित्त करून ऑफिसात गेला.

"बोंझूर, तोंतों!" नवीन म्हणाला. तोंतों म्हणजे काका. गोवर्धन तिथेच अर्धा करपला.

पहिली फ्लॉपी आत गेली. पुसू का, असं मशीनने विचारलं, नवीनने हो म्हटलं आणि डिस्क कोरी झाली. मग दुसरी फ्लॉपी. मशीन करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं. नवीनने ती काढून खिडकीपाशी नेली. फटीत वाळलेला लाल थर होता.

"आयो! हे कोणी केलां?"

गोवर्धनने बोट पाठीमागे लपवलं. विद्यावतीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मी," ती म्हणाली. "आमच्यात चवथीला सगळ्याला कुंकू लावतात."

"विद्या, त्या फटीला बोट पण लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलां ना तुला?"

"विसरले."

नवीनचा चेहरा उतरला. "बोन, पा त्राकास. काळजी नको. घरी दुसरी आहे, घेऊन येतो." तो पावसातच मोटरसायकलवर गेला. तो परत आला, दुपारी मशीन सुरू झालं, ठिपका गेला. विद्यावतीने पदराने डोळे पुसले.

बसमध्ये गोवर्धनने हळूच विचारलं, "माझ्यापायी खोटं का बोललीस?"

"मग काय, त्या पोरापुढं तुमचं हसं करू?"

गोवर्धनला भरून आलं. असली बायको दिव्याने शोधून मिळायची नाही. दोन स्टॉप तो असाच सुखात बसला. मग त्याला तिचा मघाचा चेहरा आठवला. खोटं बोलताना तिची पापणीसुद्धा लवली नव्हती.

शिंप्याबद्दल विचारलं होतं, तेव्हाही ती अशीच पापणी न लववता "काही नाही" म्हणाली होती.