दोन कपाटं न मोजलेला तक्ता

उचगावच्या रस्त्यावरच्या आमच्या लहान कॉलेजात ग्रंथालयाला आम्ही दोघंच, मी ग्रंथपाल आणि एक शिपाईमामा. मागच्या वर्षी संस्थेचं पत्र आलं: संस्थेच्या चारही कॉलेजांच्या ग्रंथालयांचा तुलनात्मक तक्ता करा. काम माझ्याच गळ्यात पडलं.

बाकीची तिन्ही बघून आले आणि माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू? तिथं काचेची दारं, रांगेनं संगणक. आमच्याकडं पंखा लावला की वर्तमानपत्रं उडतात, नाही लावला की पोरी. परतताना ठरवलं, या खेपेला रडूनच मागायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. वाचणारं माणूस गेलं, की दिवसकार्य उरकल्यावर घरचे त्याची पुस्तकं ग्रंथालयाला आणून देतात. एका बौद्ध गुरुजींची, एका जैन आडत्यांची, अशी दोन कपाटं भरली होती. नोंदवहीत चढवायची राहिलीच होती. तक्त्यातही मी ती धरली नाहीत. आकडा जितका केविलवाणा, तितकी नवी पुस्तकं जास्त, हा माझा शहाणपणा.

"बाई, एवढं गरीब न्हाय की आपण," मामा म्हणाले.

"तुम्ही शिक्का मारा," मी खेकसले.

महिनाभर काहीच आलं नाही. रोज चहाला हाक मारणारे प्राचार्य जिन्यात भेटले की मोबाइलमध्ये बघू लागले. पेपरवाल्यानं विचारलं, "पुढच्या म्हैन्यापास्नं पेपर बंद म्हणं?" मला कुणी काही सांगितलं नव्हतं. रात्री झोप लागेना.

मग एका दुपारी दोन माणसं टेप घेऊन आली. खिडकीपासून दारापर्यंत खोली मोजू लागली. वाचत बसलेल्या पोरींनी पाय वर घेतले, खालून टेप गेली. "कशासाठी मोजताय?" मी विचारलं. "आमाला मापं घ्यायला सांगितल्यात. तुमी बसा की निवांत."

चार दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर माझाच तक्ता होता, खाली माझीच सही.

"एवढ्याशा पुस्तकांसाठी आख्खी खोली कशाला अडवायची, असं संस्था म्हणते. तक्त्यातली पुस्तकं मोठ्या कॉलेजात जातील."

"सर, कोडोलीच्या पोरी तिकडं जाऊन कधी वाचणार? त्यांची एसटी चुकेल. आणि माझी दोन कपाटं मोजायची राहिलीत."

"राहिली की ठेवली?"



शनिवारी टेम्पो आला. यादीतली पुस्तकं मोजून चढवली. दोन कपाटं उघडी राहिली. टेम्पोवाला म्हणाला, "यादीत न्हाईत ती मी न्हेणार न्हाय." खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करायची होती, म्हणून ऑफिसनं रद्दीवाल्याला आधीच बोलावून ठेवलं होतं.

"ही कुणाची, बाई?" तराजू मांडत रद्दीवाल्यानं विचारलं.

गुरुजींच्या मुलीनं ती पुस्तकं पदरानं पुसून माझ्या हातात दिली होती. आणि मी, त्यांना कागदावर एक ओळही न देणारी, तराजूसमोर उभी होते.