जग बुडाल्यावरची सहल

बसड्रायव्हर काकांनी उभं आयुष्य साऱ्या गावाला फिरवलं. काकूंना मात्र कधी नाक्यापर्यंतही नेलं नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला, तेव्हा लेकीने टीव्हीवर गेम लावून दिला. त्यात जग बुडालेलं, रस्ते ओसाड आणि जागोजागी दबा धरून बसलेले लुटारू. गाडी काका चालवणार, बंदूक काकू.

वळण आलं. काकांनी सवयीने हॉर्न वाजवला आणि सगळे लुटारू धावून आले.

“हॉर्न कशाला वाजवलात?”

“अगं, वळण होतं!”

काकूंनी बडबडत एकेकाला आडवं केलं. मग काकांनी गाडी टेकडीवर नेऊन थांबवली. समोर सूर्य मावळत होता. काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “जग बुडालं, तेव्हा कुठे मला फिरायला आणलंत!”